सिकलसेल आजारातील जंतुसंसर्ग : प्रतिबंध व उपचार

सिकलसेल आजार हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक विकार असून त्याच्या रुग्णांना जंतुसंसर्गाचा धोका निरोगी माणसापेक्षा अनेक पटींनी अधिक असतो. वेदनेचे झटके आणि रक्तक्षय ही या आजाराची सर्वपरिचित लक्षणे होत. मात्र पाच वर्षांखालील बालकांच्या मृत्यूंमागे पुष्कळदा रक्तात पसरलेला जिवाणुसंसर्ग असतो. सकाळी खेळणारे मूल दुपारी तापाने फणफणते आणि दुसरा दिवस उजाडण्यापूर्वी दगावते, इतक्या वेगाने हा संसर्ग वाढू शकतो. असे असूनही तो बऱ्याच अंशी टाळता येतो. जन्मानंतर लवकर निदान, रोजचे पेनिसिलिन, वेळेवर लसीकरण आणि ताप येताच त्याच दिवशी उपचार हे त्याचे मार्ग आहेत. यांपैकी एकही फार खर्चिक नाही.

प्रस्तुत लेखातील माहिती सिकलसेलग्रस्त व्यक्तींना, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेल्यांना, लागू होते. एकाच पालकाकडून असे जनुक मिळालेल्या व्यक्तीस 'वाहक' म्हणतात. वाहकाची प्लीहा सामान्यतः शाबूत असते व त्याला पुढे वर्णिलेल्या प्रतिबंधक औषधांची आवश्यकता नसते. गावपातळीवर 'वाहक' आणि 'ग्रस्त' या दोन शब्दांची गल्लत वारंवार होते. त्यामुळे वाहक विनाकारण धास्तावतात आणि ग्रस्त निर्धास्त राहतात.

प्लीहेची हानी

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आल्याने सिकल हिमोग्लोबिन तयार होते. प्राणवायू कमी झाला की या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांस चिकटून लांब दोरे बनतात आणि एरवी गोल व लवचीक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात.

या अडथळ्याचा पहिला बळी बहुधा प्लीहा, म्हणजेच बोलीभाषेतील पानथरी, हा अवयव ठरतो. प्लीहा ही रक्ताची गाळणी आहे. तिच्यात रक्त संथ वाहते, अतिशय अरुंद फटींतून झिरपते आणि तेथे प्राणवायूचे प्रमाणही कमी असते. जंतू टिपून काढण्यासाठी ही रचना उत्तम असली, तरी पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्यासही हीच परिस्थिती सर्वांत पोषक असते. पुन्हा पुन्हा रक्तपुरवठा तुटल्याने प्लीहेचे भाग मृत होतात, त्यांच्या जागी व्रणऊती येते आणि अखेरीस प्लीहा आक्रसून नाममात्र उरते.

नवजात बालकाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते व ते पेशींना वाकू देत नाही. सुमारे सहा महिन्यांच्या वयापर्यंत त्याचे प्रमाण बरेच घटते आणि प्लीहेची हानी सुरू होते. अनेक बालकांत पहिल्या वाढदिवसाच्या आसपासच ती निकामी झालेली असते. याच वयात आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरलेली असतात आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते. म्हणून सहा महिने ते तीन वर्षे हा काळ सर्वाधिक धोक्याचा मानला जातो.

आकारावरून प्लीहेची कार्यक्षमता ठरवता येत नाही. अमेरिकन बालरक्तरोगतज्ज्ञ हॉवर्ड पिअरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली असे दाखवून दिले, की काही सिकलसेलग्रस्त मुलांत पोट चाचपल्यावर हाताला लागणारी मोठी प्लीहादेखील प्रत्यक्षात काहीच काम करीत नसते. या अवस्थेला 'कार्यात्मक प्लीहाहीनता' असे नाव मिळाले. रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता तांबड्या पेशींमध्ये केंद्रकाचे गोल अवशेष आढळतात. त्यांना हॉवेल-जॉली पिंड म्हणतात. निरोगी प्लीहा हे अवशेष काढून टाकते, म्हणून ते दिसणे ही प्लीहा काम करीत नसल्याची खूण होय.

कोणते जंतू धोकादायक

प्लीहेच्या अभावी सर्वच जंतू सारखे घातक होत नाहीत. ज्या जिवाणूंभोवती शर्करायुक्त पदार्थाचे जाड आवरण असते, त्यांना भक्षक पेशी सहज गिळू शकत नाहीत. त्यांना रक्तातून हटविण्याचे काम मुख्यत्वे प्लीहेचे असते. न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी 'ब' आणि मेनिंगोकॉकस हे या गटातील प्रमुख जिवाणू होत. न्यूमोकॉकस अनेक निरोगी मुलांच्या नाकाघशात निरुपद्रवीपणे वस्ती करून असतो. सिकलसेलग्रस्त बालकात तोच रक्तात शिरून सेप्सिस किंवा मस्तिष्कावरणदाह घडवतो.

साल्मोनेला गटातील जिवाणू आतड्यांतून रक्तात येतात व मृत झालेल्या हाडाच्या भागात ठाण मांडतात. त्याखेरीज स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय, मायकोप्लाझ्मा, इन्फ्लुएन्झाचे विषाणू, पार्वोव्हायरस बी १९ आणि मलेरियाचे परजीवी यांचाही विचार करावा लागतो.

आफ्रिकेतील मुलांमध्ये न्यूमोकॉकसचा प्रश्न तितका गंभीर नसावा, असा एक समज बराच काळ होता. केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथे रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांच्या रक्तसंवर्धन तपासण्यांवर आधारित अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, आणि सिकलसेलग्रस्त मुलांच्या रक्तात न्यूमोकॉकसच सर्वाधिक वेळा सापडल्याचे त्यातून स्पष्ट झाले. त्याखालोखाल साल्मोनेला व हिमोफिलस हे होते. जेथे रक्तसंवर्धनाची सोय नाही, तेथे हा जंतू 'आढळत नाही' यात नवल नाही.

पेनिसिलिनचा प्रतिबंधक वापर

या आजाराच्या इतिहासातील सर्वांत परिणामकारक चाचण्यांपैकी एक चाचणी अतिशय जुन्या व स्वस्त औषधाची होती. अमेरिकेत मेरिलिन गॅस्टन यांच्या नेतृत्वाखाली ३ ते ३६ महिने वयाच्या २१५ सिकलसेलग्रस्त बालकांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला दिवसातून दोनदा तोंडावाटे पेनिसिलिन व दुसऱ्या गटाला पेनिसिलिन नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. पेनिसिलिन न मिळालेल्या ११० मुलांपैकी १३ जणांना न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झाला व त्यांपैकी तिघे दगावले. पेनिसिलिन मिळालेल्या १०५ मुलांत असा संसर्ग दोघांनाच झाला आणि मृत्यू एकही झाला नाही. संसर्गाचे प्रमाण ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसताच चाचणी नियोजित मुदतीच्या आठ महिने आधीच थांबविण्यात आली. तिचे निष्कर्ष १९८६ साली प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षांचा परिणाम औषधापुरता राहिला नाही. तिसऱ्या महिन्यापर्यंत पेनिसिलिन सुरू करायचे, तर आजार त्याआधी कळला पाहिजे, आणि तोवर बाळाला कोणतेही लक्षण नसते. त्यामुळे जन्मतःच टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन सर्व नवजात बालकांची तपासणी करण्याच्या मागणीला भक्कम आधार मिळाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तशी अधिकृत शिफारस करण्यात आली.

प्रचलित पद्धतीनुसार पेनिसिलिन व्ही दोन ते तीन महिन्यांच्या वयापासून सुरू करतात. तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम आणि त्यानंतर २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, अशी मात्रा असते. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास एरिथ्रोमायसिन वापरतात. ज्या मुलांना पूर्वी न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग झालेला नाही, प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली नाही आणि लसीकरण पूर्ण आहे, त्यांच्यात पाचव्या वर्षानंतर औषध थांबविल्यास धोका लक्षणीय वाढत नाही, असे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीतून दिसले. इतरांना ते पुढेही, क्वचित आयुष्यभर, द्यावे लागते. औषध सुरू करण्याचा, बदलण्याचा व थांबविण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा असतो.

खरी अडचण सातत्याची असते. धडधाकट दिसणाऱ्या मुलाला पाच वर्षे, दिवसातून दोनदा, न चुकता औषध देणे हे घरच्यांच्या दृष्टीने सोपे काम नव्हे. पातळ औषध एकदा पाण्यात कालवले की शीतकपाटात ठेवावे लागते व थोड्याच दिवसांत टाकून द्यावे लागते. वीज नसलेल्या पाड्यावर हे शक्य होत नाही. तेथे गोळी कुटून, पाण्यात किंवा आईच्या दुधात मिसळून देणे अधिक व्यवहार्य ठरते. काही ठिकाणी तोंडावाटे घ्यायच्या पेनिसिलिनऐवजी तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. ते दुखरे असले तरी मात्रा चुकल्याचे लगेच लक्षात येते.

लसीकरण

सिकलसेलग्रस्त बालकाला राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील प्रत्येक लस मिळणे अत्यावश्यक आहे. भारतात ६, १० व १४ आठवड्यांना दिल्या जाणाऱ्या पंचगुणी लसीत हिमोफिलस 'ब' आणि हिपॅटायटिस 'ब' यांपासून संरक्षण अंतर्भूत आहे. न्यूमोकॉकसची संयुग्मित लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने काही राज्यांत व २०२१ पासून देशभर या कार्यक्रमात समाविष्ट झाली. ती ६ व १४ आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात दिली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली, न्यूमोकॉकसच्या १० प्रकारांविरुद्धची लस २०२० च्या अखेरीस उपलब्ध झाली.

'संयुग्मित' या शब्दाचा अर्थ येथे समजून घेणे उपयुक्त ठरेल. जिवाणूच्या आवरणातील शर्करा तेवढी टोचली, तर दोन वर्षांखालील बाळाचे शरीर तिला नीट प्रतिसाद देत नाही. हीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडून दिली असता प्रतिपिंडे तयार होतात व प्रतिकाराची स्मृतीही राहते. नुसत्या शर्करेची, २३ प्रकारांविरुद्धची जुनी लस म्हणूनच दोन वर्षे पूर्ण झाल्यावर देतात. तिची दुसरी मात्रा पाच वर्षांनी देण्याची पद्धत आहे.

मेनिंगोकॉकस आणि इन्फ्लुएन्झा यांच्या लसींचीही सिकलसेलग्रस्तांना शिफारस केली जाते. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात या लसी सरसकट दिल्या जात नसल्याने त्यांची आठवण पालकांनी वा डॉक्टरांनी ठेवावी लागते. लस ही पेनिसिलिनला पर्याय नाही. न्यूमोकॉकसचे ९० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत आणि कोणतीही एक लस त्या सर्वांना थोपवीत नाही.

ताप : तातडीची अवस्था

ग्रामीण भागात 'ताप अंगावर काढणे' ही सर्वसामान्य रीत आहे. एक-दोन दिवस वाट पाहावी, काढा द्यावा, उतरला नाही तर बाजाराच्या दिवशी दवाखाना गाठावा, हा क्रम निरोगी मुलाच्या बाबतीत बहुधा निभावून जातो. सिकलसेलग्रस्त मुलाच्या बाबतीत मात्र ही वाट पाहणेच जीवघेणे ठरू शकते. सुरुवातीच्या काही तासांत साधा विषाणूजन्य ताप आणि रक्तातील जिवाणुसंसर्ग यांच्यात फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही जमत नाही. त्यामुळे अशा मुलाचा प्रत्येक मोठा ताप हा, तसे नाही असे सिद्ध होईपर्यंत, गंभीर संसर्गच मानावा, असा वैद्यकीय दंडक आहे.

अमेरिकेतील २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ३८.५ अंश सेल्सियस, म्हणजे १०१.३ अंश फॅरनहाइट, ही तातडीने तपासणी करण्याची मर्यादा मानली आहे. काही ठिकाणी ती ३८ अंशांवर ठेवतात. घरात तापमापक असणे व तो वाचता येणे म्हणूनच आवश्यक ठरते. पॅरासिटामॉल देण्यास हरकत नाही, परंतु त्याने उतरतो तो ताप. संसर्ग तसाच राहतो. ताप उतरला म्हणून दवाखान्यात जाणे टाळणे ही वारंवार घडणारी व महागात पडणारी चूक आहे. ताप कमी असला तरी सुस्ती, धाप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, सतत उलट्या, एकाएकी वाढलेला फिकेपणा किंवा झटके यांपैकी काही दिसल्यास थांबू नये.

रुग्णालयात रक्तगणना, रेटिक्युलोसाइट म्हणजे अपरिपक्व तांबड्या पेशींची मोजणी व रक्तसंवर्धन करतात. खोकला वा धाप असल्यास छातीचे क्ष-किरण चित्र काढतात. तपासणीचे निष्कर्ष येण्याची वाट न पाहता सेफ्ट्रिॲक्सोनसारखे प्रतिजैविक शिरेतून, किंवा शीर न सापडल्यास स्नायूत, दिले जाते. सेफ्ट्रिॲक्सोनच्या एका मात्रेचा प्रभाव सुमारे २४ तास टिकतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातच पहिली मात्रा देऊन मग मुलाला पुढे पाठविणे शक्य होते, आणि रुग्णवाहिकेतील दोन-तीन तास वाया जात नाहीत. या औषधाने तांबड्या पेशी वेगाने फुटण्याची दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रिया सिकलसेलग्रस्त मुलांत नोंदली गेली आहे. पूर्वी तसा त्रास झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

द्रवपदार्थांचाही विचार करावा लागतो. या रुग्णांचे मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, त्यामुळे तापात शरीरातील पाणी लवकर घटते आणि पेशी आणखी वाकतात. मात्र शिरेतून गरजेपेक्षा अधिक सलाइन दिल्यास फुफ्फुसांवर ताण येतो. सलाइनची बाटली लावली म्हणजे चांगला उपचार झाला, ही समजूत येथे घातक ठरते.

छाती आणि हाडे

ताप, छातीत दुखणे, धाप आणि क्ष-किरण चित्रात नवी सावली या लक्षणसमूहास 'तीव्र वक्ष लक्षणसमूह' म्हणतात. त्यामागे न्यूमोनिया असू शकतो, फुफ्फुसातील रक्तवाहिन्या अडलेल्या असू शकतात किंवा मृत अस्थिमज्जेतील चरबीचे कण तेथे पोहोचलेले असू शकतात. बरेचदा ही कारणे एकत्रच असतात. उपचारात सेफ्ट्रिॲक्सोनसारख्या औषधाबरोबर मायकोप्लाझ्मावर चालणारे ॲझिथ्रोमायसिन, आवश्यक तेथे प्राणवायू आणि रक्त देतात. छाती वा पाठ दुखत असल्याने रुग्ण उथळ श्वास घेतो व फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो. ते टाळण्यासाठी श्वास आत ओढून चेंडू वर उचलण्याचे प्लास्टिकचे साधे उपकरण दिले जाते. जागेपणी दर दोन तासांनी दहा वेळा असा श्वास घेतल्याने ही गुंतागुंत कमी होते, असे चाचणीत आढळले आहे.

हाड दुखणे व सुजणे हे बहुतेक वेळा रक्तपुरवठा तुटल्यामुळे असते. संसर्ग त्यामानाने क्वचित. दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात. ताप लांबला, एकाच जागी सूज व वेदना टिकून राहिली, तर हाडातील किंवा रक्तातील नमुन्याचे संवर्धन करून जंतू शोधावा लागतो आणि साल्मोनेला व स्टॅफिलोकॉकस या दोहोंवर चालणारी प्रतिजैविके कित्येक आठवडे द्यावी लागतात. साल्मोनेला दूषित पाणी, कच्ची अंडी व अर्धवट शिजलेले मांस यांतून येतो. उकळलेले पाणी, पूर्ण शिजलेले अन्न आणि कोंबड्यांची खुराडी साफ केल्यावर साबणाने हात धुणे हे त्यावरील घरगुती उपाय होत.

पार्वोव्हायरस आणि मलेरिया

पार्वोव्हायरस बी १९ निरोगी मुलाच्या गालांवर लाली आणून निघून जातो. सिकलसेलग्रस्त मुलात तो अस्थिमज्जेतील तांबड्या पेशींची निर्मिती सुमारे आठवडा-दहा दिवस बंद पाडतो. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते; या आजारात ती जेमतेम १० ते २० दिवस टिकते. त्यामुळे निर्मिती थांबताच हिमोग्लोबिन झपाट्याने घसरते. रेटिक्युलोसाइट जवळजवळ नाहीसे होणे ही निदानाची खूण असून रक्त देणे हा उपचार आहे. एकदा होऊन गेल्यावर सहसा आयुष्यभराची प्रतिकारशक्ती येते. घरातील दुसरे भावंड सिकलसेलग्रस्त असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि गर्भवती स्त्रीने अशा रुग्णापासून दूर राहावे.

मलेरियाविषयीचा गैरसमज अधिक रूढ आहे. वाहकांना फाल्सिपॅरम मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. मलेरियाग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहण्याचे कारणही तेच. परंतु हे संरक्षण वाहकांचे आहे. सिकलसेलग्रस्ताला मलेरिया झाल्यास आधीच कमी असलेले रक्त आणखी घटते आणि आजार गंभीर वळण घेतो. महाराष्ट्रात मलेरियाचा सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्णही मोठ्या संख्येने आहेत. तेथे कीटकनाशकयुक्त मच्छरदाणी आणि प्रत्येक तापात मलेरियाची चाचणी यांना पर्याय नाही. मलेरियाची चाचणी होकारार्थी आली, तरी त्यामुळे जिवाणुसंसर्गाची शक्यता संपत नाही.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. अंगोला, काँगो, केनिया व युगांडा येथील मुलांवरील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामुळे वेदनेच्या झटक्यांबरोबरच मलेरिया व इतर संसर्गही कमी झाल्याचे दिसले. या औषधाने पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ठरावीक काळाने रक्तगणना करावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात सिकलसेलची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात विदर्भ आणि सातपुड्यालगतचा नंदुरबार परिसर येथे आजाराचे प्रमाण लक्षणीय असून तो आदिवासींपुरता मर्यादित नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन तुलनेने जास्त टिकून राहते. ओडिशा व जमैका येथील रुग्णांची तुलना करणाऱ्या १९८६ च्या अभ्यासात ओडिशातील रुग्णांची प्लीहा अधिक वयापर्यंत मोठी राहत असल्याचे आढळले. यावरून भारतातील आजार सौम्य आहे व पेनिसिलिनची तितकीशी गरज नाही, असे मत मांडले गेले. नागपूर परिसरातील बालरुग्णांचा अनुभव या मताला पुष्टी देत नाही. मध्य भारतात आजार गंभीर रूपही धारण करतो. शिवाय मोठी प्लीहा म्हणजे कार्यक्षम प्लीहा नव्हे, हे वर आलेच आहे. अशा प्लीहेत एकाएकी रक्त साठून बालक पांढरेफटक पडण्याचा धोकाही अधिक काळ राहतो, आणि संसर्ग हे त्याचे एक निमित्त असते. पोट चाचपून प्लीहा वाढल्याचे ओळखण्यास मातांना शिकविल्याने अशा प्रसंगांतील मृत्यू कमी झाल्याचा जमैकाचा अनुभव आहे.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. संसर्ग टाळण्याच्या दृष्टीने यांतील सर्वांत मोलाची तपासणी नवजात बालकाची. विशीतल्या तरुणाला आपण ग्रस्त असल्याचे कळते, तेव्हा धोक्याची पहिली पाच वर्षे केव्हाच उलटलेली असतात.

आदिवासी भागातील अनेक सिकलसेलग्रस्त मुले सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत राहायला जातात. तेथे आईवडील जवळ नसतात आणि रात्री ताप आल्यास निर्णय अधीक्षकांना घ्यावा लागतो. मुलाचे सिकलसेल ओळखपत्र, लसीकरणाची नोंद, चालू औषधे, पूर्वी झालेल्या संसर्गाची व ॲलर्जीची माहिती आणि जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक हे सर्व वसतिगृहाच्या कार्यालयात हाताशी असावे लागते. सुटीत घरी जाताना औषधाचा पुरेसा साठाही बरोबर द्यावा लागतो.